पाच मोजेपर्यंत

सुदाम राठोडला गरम-थंड कळायला मीटर लागत नसे. आखाडा बाळापूरच्या बसस्टँडजवळच्या गल्लीत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एकतीस वर्षांत उघडलेल्या प्रत्येक यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरवर त्याने आधी उजव्या हाताची दोन बोटं टेकवली होती. मनात मोजायचं. पाच मोजेपर्यंत बोटं टिकली तर माल ठीक. तिनावरच उचलावी लागली तर आत काहीतरी जळायच्या वाटेवर आहे. नांदेडच्या ज्या उस्तादाकडे तो काम शिकला, त्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. पुढे उस्ताद वारले, वॉल्वचे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टरही गेले, डब्यासारखे टीव्ही भिंतीला चिकटले. सुदामची सवय राहिली.

काम मात्र राहिलं नव्हतं. मिक्सर, टेबलफॅन, कुणाचा इन्व्हर्टर, एवढंच. लोक माळ्यावरचे जुने रेडिओ भंगारात घालायला काढत, तेव्हा सुदाम ते मागून घ्यायचा आणि त्यातले काचेचे चांगले वॉल्व कापडात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. त्याची बायको सुनिता म्हणायची, "कुनाला पायजेत हे आता?" तो डब्याचं झाकण लावून टाकायचा.

ते ज्यांना पाहिजे होते ते व्यंकटराव गुरुजी डोंगरकड्याहून आले, दिवाळीच्या आधी. सुदाम तांड्यावरच्या शाळेत चौथीत असताना गुरुजी त्याला शिकवायला होते. आता वय चौऱ्याहत्तर. हार्मोनियम वाजवणारा माणूस, पण ऐकू कमी येऊ लागलं होतं. कानातलं यंत्र घातलं की भांड्यांचा खणखणाट तेवढा मोठा व्हायचा आणि गाणं तसंच लांब राहायचं. रेडिओ मोठ्याने लावला तर पत्नी द्वारकाबाईंचं डोकं उठायचं.

"हरीशनं पुण्याहून हेडफोन पाठवला," गुरुजींनी पिशवीतून तो काढून टेबलावर ठेवला. "मोबाइलला लावला. पण आवाज कसा येतो, सांगू? चिलटं गुणगुणल्यासारखा. खर्ज नाहीच. तुझ्याकडं तो जुना वॉल्वचा रेडिओ होता बघ, तसा भरलेला आवाज कानात येईल असं काही करता येतं का रे?"

सुदाम हेडफोन उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "येतं, गुरुजी. मधी एक अँप्लिफायर लागंल. वॉल्वचा. बाजारात न्हाई भेटायचा, मी बनवून देतो."

"तकलीफ नको घेऊस."

"तकलीफ काहून? किती वर्सं झाली, माझ्या मनाचं काम केलं न्हाई मी."

त्या हिवाळ्यात सुदाम बदलला. सुनिताच्या ते आधी लक्षात आलं. दुकानातून घरी आल्यावर तो वहीत आकृत्या काढत बसायचा. दोन कानांसाठी दोन वॉल्व, त्यांना वीज पुरवायला एक ट्रान्सफॉर्मर. तसा ट्रान्सफॉर्मर मिळेना, म्हणून एका जळक्या रेडिओचा काढून त्याने स्वतः गुंडाळला. तांब्याच्या बारीक तारेचे हजारभर वेढे, मोजून. पेटी केली सागवानी फळ्यांची, वर पत्र्याचं झाकण. झाकण त्याने मुद्दाम घट्ट बसवलं. आत अडीचशे व्होल्ट खेळणार, आणि गुरुजींच्या घरात पाली फार. पाल आत शिरली तर तीही मरेल आणि वॉल्वही जाईल. शिवाय गुरुजींना दिसायचंही कमी; त्यांचं बोट चुकून आत जायला नको. म्हणून त्याने एकही फट ठेवली नाही.

पहिल्यांदा वॉल्व पेटले त्या दिवशी त्याने सुनिताला दुकानात बोलावून घेतलं. काचेच्या आत निखाऱ्यासारखी बारीक रेघ तांबूस झाली. त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवला. तिने डोळे मिटले, मग उघडले आणि मोठ्याने म्हणाली, "बाई गं, डोक्याच्या मधात बसून गाऊन राहिली की हो ती!" कानावर हेडफोन असला की माणूस ओरडून बोलतो. बाहेरून जाणारे दोघं थांबून बघायला लागले आणि सुदाम खूप दिवसांनी हसला.

फेब्रुवारीत त्याने गुरुजींना निरोप पाठवला. ते दुपारच्या एसटीने आले. सुदामने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, मोबाइलवर त्यांच्या आवडीचं ख्यालगायन लावलं आणि आवाजाचं बटण हळूहळू फिरवलं. गुरुजींचा चेहरा आधी ताणलेला होता. मग तंबोरा लागला असावा, कारण त्यांची मान एका बाजूला कलली आणि मांडीवरची बोटं हलू लागली.

"सुदाम," ते पुटपुटले, "खर्ज आला रे."

सुदाम टेबलाच्या पलीकडे स्टुलावर बसला. ट्रान्सफॉर्मर जिथे होता त्या जागी झाकणावर त्याने उजव्या हाताची बोटं टेकवली. "बगा, अर्धा घंटा झाला चालू करून, तरी थंड हाय," तो म्हणाला. गुरुजींना ते ऐकू गेलं नाही. सुदामने बोटं तिथेच ठेवली. त्याला गुरुजींच्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नव्हती. विलंबित संपून द्रुत सुरू झालं. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

गुरुजींनी डोळे उघडले ते वासाने. त्यांनी हेडफोन काढला. "काही करपतंय का रे?"

"न्हाई बा."

"करपतंय." त्यांनी पेटीकडे हात नेला, झाकणाला बोट लागलं आणि त्यांनी हात असा झटकला की पाण्याचा पेला खाली पडला. "अरे बापरे! सुदाम, हात काढ! हात काढ तो!"

सुदाम त्यांच्याकडे बघत राहिला. काय झालं हे त्याला कळेना. गुरुजींनी त्याचं मनगट धरून ओढलं. तर्जनी आणि मधलं बोट झाकणावरून सुटताना कातडीचा पापुद्रा पत्र्याला चिकटून मागे राहिला. बोटांची पेरं पांढरी पडली होती, शिजल्यासारखी.

"दुखत न्हाई," सुदाम म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "गुरुजी, दुखत न्हाई मला."

दुखत नव्हतं, म्हणूनच पुढचं सगळं झालं. सुनिताने हळद भरली, चिंधी बांधली, दवाखान्यात चला म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला, चिंधी बांधलेल्या बोटांत तारा जोडायचं सोल्डरिंगचं हत्यार धरून एक मिक्सर दुरुस्त केला. साखरेचा आजार त्याला सहा वर्षांपासून होता. गोळ्या आठवल्या की घ्यायच्या, संपल्या की पंधरा दिवस आणायच्या नाहीत, असं चालायचं. दुखत असतं तर तो बसला असता घरी. आठव्या दिवशी सुनिता चिंधी बदलत होती. तिने एकदम नाकाला पदर लावला. तर्जनी काळी पडली होती.

त्याच दिवशी दोघं नांदेडला गेले. वसमतला दिलेली लेक मिना थेट दवाखान्यात आली. डॉक्टरांनी हात बघितला, रक्त तपासलं, मग त्याला मोजे काढायला सांगून नसा तपासायचा दोन पात्यांचा लोखंडी चिमटा टेबलावर आपटला. तो गुणगुणू लागला. त्याची दांडी त्यांनी सुदामच्या पायाच्या अंगठ्याला लावली.

"काय जाणवतं?"

"आवाज येऊन राहिला, साहेब."

"आवाज नाही. पायाला थरथर जाणवते का?"

सुदामने डोळे मिटून वाट पाहिली. त्या चिमट्याचा सूर त्याला स्वच्छ ऐकू येत होता. पण पायात काहीच नव्हतं. दांडी घोट्याला लावली, मग हाताच्या बोटांना. त्याने नाही म्हणून मान हलवली. मिना तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

"साखरेनं नसा मेल्यात," डॉक्टर म्हणाले. "एका दिवसात नाही होत हे. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. तुम्हाला कळलं नाही?"

सुदाम डाव्या हाताने मोजा चढवू लागला.

तर्जनी मुळापासून काढावी लागली. मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं. ताप चढला, उतरला, परत चढला. बावीस दिवसांनी त्याला घरी आणलं तेव्हा शेतांतून हळद उकडायचा वास येत होता आणि उन्हाने डांबर मऊ झालं होतं.

गुरुजी भेटायला आले ते द्वारकाबाईंना घेऊन. ते सुदामच्या खाटेजवळ बसले. त्यांच्या मांडीवर टोपी होती, ती ते सारखी फिरवत होते.

"माझ्या कानांपायी तुझा हात गेला," शेवटी ते म्हणाले.

"तसं न्हाई, गुरुजी."

"तसंच आहे. ती पेटी मोडून टाक. मला नको. ते संगीत आता कानात घालायची माझी इच्छा नाही."

द्वारकाबाई सुनिताजवळ स्वयंपाकघरात गेल्या. त्या म्हणाल्या, "घरी बी हेच बोलत्यात. रातभर उठून बसत्यात." सुनिताने चहा ठेवला. तिला कुणाचा राग करावा ते समजत नव्हतं.

गुरुजी गेल्यावर सुदाम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिन्हीसांजेला त्याने सुनिताला हाक मारली. "ती पेटी घरी घेऊन ये."

"काहून? ती नदीत टाकायची का?"

"अर्धवट हाय ती. एवढी गरम व्हायला न्हाई पायजे. मी चुकलो कुठंतरी. गुरुजींना वाटून राहिलं की त्यांच्यापायी झालं. ती पेटी बराबर चालली, त्यांच्या घरी राहिली, तरच ते जाईल त्यांच्या मनातून."

सुनिता दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, आणि पेटी ओट्यावर आणून आदळली.

चालू करायच्या आधी तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं की तो हात लावणार नाही. तो खाटेवर बसला, ती खाली पाटावर. पाच मिनिटांनी तो म्हणायचा, "लाव." ती बोट टेकवायची.

"एक, दोन, तीन, चार..." ती मोजायची.

"टिकतंय?"

"टिकतंय. पण गरम हाय."

दहा मिनिटांनी ती दोनावरच बोट काढायची आणि कानाच्या पाळीला लावायची. त्याने वहीत डाव्या हाताने लिहिलं. अक्षर वाकडं येई. तीन दिवस त्यांनी हेच केलं. तार बारीक पडली होती, हे त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या, मोठ्या ट्रान्सफॉर्मरची गरज होती, आणि तो दुकानाच्या माळ्यावर पडलेल्या वॉल्वच्या एका जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये निघाला. पण सुनिताने तारा पिळून तो तात्पुरता जोडल्यावरही पेटी तापत राहिली, कमी पण तापतच राहिली.

"आता काय राहिलं?" सुदाम कंटाळून म्हणाला. "वॉल्व तर तापनारच. त्याच्याबिगर ते गात न्हाईत."

सुनिताने पेटीकडे पाहिलं. "तापूं द्या की. पन ती गरमी जाईल कुठून? तुमी चारी बाजूंनी कोंडून ठिवलं. चुलीला बी खालून वारा लागतो आन् वरून धूर जातो. ह्याला ना खाली तोंड, ना वर."

"पाली जातील म्हणून..."

"चाळणीची जाळी लावा. पाल कशी जाईल?"

तो तिच्याकडे बघत राहिला. एकतीस वर्षांत तिने त्याच्या कामात तोंड घातलं नव्हतं, आणि त्याने कधी विचारलंही नव्हतं.

गल्लीतल्या सुताराकडून त्यांनी तळाला आठ बारीक भोकं पाडून घेतली, पाय उंच केले, झाकणाच्या जागी पिठाच्या चाळणीची जाळी बसवली. पिळलेल्या दोन तारा आता पक्क्या जोडायच्या होत्या. त्याने डाव्या हाताने प्रयत्न केला; सोल्डरचा थेंब भलतीकडेच पडला. मग सुनिताने हत्यार घेतलं.  तो तिच्या खांद्यामागून सांगत राहिला, "आधी तार तापव. आता सोल्डर लाव. उचल, उचल, काढ. बास." पहिला जोड गोळा झाला. दुसरा बरा आला. त्या दिवशी पेटी तासभर चालली आणि सुनिताने लाकडावर बोटं टेकवून दहापर्यंत मोजलं.

आषाढात ते दोघं एसटीने डोंगरकड्याला गेले. पेटी सुनिताच्या मांडीवर होती, चादरीत गुंडाळलेली. गुरुजी आधी दारातच म्हणाले, "मी सांगितलं होतं ना?" सुदाम दारातून बाजूला झाला. सुनिताने पेटी खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवली, प्लग लावला आणि म्हणाली, "गुरुजी, दोन तारा मी जोडल्या. तुमी ऐकलं न्हाई तर मला वाईट वाटंल."

गुरुजी आत येऊन बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनी हेडफोन घातला. द्वारकाबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. खोलीत कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, फक्त गुरुजींना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हनुवटीवरून टोपीवर पडलं, तरी त्यांनी हेडफोन काढला नाही. गाणं संपल्यावर त्यांनी सुदामचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, जिथे बोट नव्हतं तिथे अंगठा फिरवला, आणि हात तसाच धरून बसले. त्यांची पकड किती घट्ट आहे ते सुदामला फक्त दिसत होतं.

गुरुजी ती पेटी वापरतात. द्वारकाबाईंनी नंतर फोनवर सांगितलं, की सकाळी एक तास, न चुकता.

दुकानाचं मात्र जमलं नाही. सुनिता दोन महिने त्याच्यासोबत दुकानात बसली. तो सांगायचा, ती स्क्रू काढायची, तार जोडायची. पण एका मिक्सरला पूर्ण दिवस लागायचा आणि लोकांना घाई असायची. गिऱ्हाईक यायचं, सुदामच्या हाताकडे बघायचं, मग "येतो परत" म्हणून मिक्सर काखेत मारून निघून जायचं. पोळ्यानंतर कुणी येईनासं झालं. दसऱ्याला त्याने ठरवलं, तांड्यावर जायचं. मोठा भाऊ धर्मसिंग म्हणाला होता, या, दोन खोल्या रिकाम्या आहेत.

शेवटच्या दिवशी दोघं दुकानातलं सामान पोत्यांत भरत होते. धर्मसिंगची जीप यायची होती. सुनिता एकाएकी हातातलं ठेवून खाली बसली.

"मला एक सांगायचंय तुमाला."

"काय?"

"मला ठावं होतं." तिने पदर तोंडाला लावला. "गेल्या साली तुमी तव्यावरची भाकर हातानं उचलत होता. चिमटा घेत न्हवता. मी बगायची. मला वाटायचं, काम करून करून हात निबर झाले. मी मिनाला कौतुकानं सांगायची, तुझ्या बापाचे हात लोखंडाचे हायेत. मी तवाच बोलले असते तर..."

ती रडायला लागली. सुदाम तिच्याजवळ येऊन पोत्यावर बसला. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली आणि दुकानाची फळी थरथरली.

"सुनिता," तो म्हणाला, "मला बी ठावं होतं."

तिने वर पाहिलं.

"दोन साल झाले. बोटं टेकवायचो आन् काहीच यायचं न्हाई. मग मी मनगट लावायचो, कुनी बगत नसलं की गाल लावायचो. मिस्त्रीला गरम कळत न्हाई, असं कुनाला सांगू? त्या दिवशी गुरुजींसमोर गाल कसा लावू?" त्याने उजवा हात मांडीवर उलटा केला. "गरम बी न्हवतं, थंड बी न्हवतं. काहीच न्हवतं. म्हणून थंड म्हणलं."

"मला सांगायचं होतं की हो," ती म्हणाली. "मला तरी."

"व्हय. तुला सांगायला पायजे होतं."

 मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आनखी काय लपवलंय?"

"पायांचं. उजव्या पायाला कालपासून जखम हाय. काच लागली वाटतं. मला सकाळी चादरीवर रगत दिसलं."

सुनिता उठली. तिने त्याची चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला, तळवा उजेडाकडे वळवून पाहिला. जखम लहान होती, पण कडा लाल झाल्या होत्या. तिने हंड्यातल्या पाण्याने ती धुतली, पदराने टिपली.

बाहेर जीप येऊन थांबली. धर्मसिंगने हाक मारली, "झालं का रे सुदाम?"

"सामान ऱ्हाऊ द्या, भाऊजी," सुनिता आतून म्हणाली. "ते उद्या. आधी दवाखान्यात जायचंय."

तिने नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. शटर तिने ओढलं, कुलूपही तिनेच लावलं, आणि जीप नांदेडच्या रस्त्याला लागली.